दुसऱ्याची मिरची, वर्ग चाळीस

वर्ग ३० (चूक इथेच झाली)

जगात जे जे विकलं जातं, ते पंचेचाळीस खणांत बसवलेलं आहे. पहिले चौतीस खण वस्तूंचे, उरलेले अकरा सेवांचे. धंद्याचं नाव सरकारदरबारी नोंदवायचं तर नुसतं नाव सांगून भागत नाही, ते कुठल्या खणातलं हेही सांगावं लागतं. खणाला कायद्यात वर्ग म्हणतात. मी नांदेडला वजिराबादेत सौदामिनी मॅडमच्या ट्रेडमार्कच्या ऑफिसात बसून लोकांचे वर्ग ठरवते. साबण तीन. नांगर सात. चप्पल पंचवीस. शिकवणी एक्केचाळीस.

दोन वर्षांत ही सवय इतकी अंगात मुरली की रेणापूरहून आई फोनवर विचारते, "ऋतुजा, काय जेवलीस?" आणि माझ्या तोंडून निघतं, "एकोणतीस आणि तीस." आई म्हणते, "पोटभर जेवत जा."

जानेवारीत मॅडमनी महिला उद्योजकांच्या मेळाव्यात भाषण केलं. आपलं नाव दुसऱ्यानं न्यायच्या आधी आपण नोंदवावं, असं काहीसं. आठवड्याभरात धर्माबादच्या विठाबाईंचा कागद टपालानं आला. बॉलपेननं, गिरवून लिहिलेला.

नाव: ठसका.
कधीपासून: २०१२ ची संक्रांत.
धंदा: मिरची.

मी धर्माबाद पाहिलेलं नव्हतं. पण धर्माबादची मिरची कुणाला माहीत नाही? मी फोनसुद्धा केला नाही. 'मिरची' वाचलं, वर्ग ३० टाकला आणि तपशिलाच्या रकान्यात ठरलेल्या साच्यातलं लिहिलं: मिरची पूड, हळद पूड, मसाले, चटण्या व तत्सम पदार्थ. 'तत्सम' हा माझा तेव्हा फार लाडका शब्द. तो लिहिला की रकाना भरल्यासारखा दिसतो.

नाव आधी कुणाचं आहे का, ते शोधायचं असतं. मीही शोधलं, घाईत, वरवर.


वर्ग १६ (छापील कागद)

मार्चमध्ये विठाबाईंनी एका नोटिशीचा फोटो पाठवला. आडवा. मी मान वाकडी करून वाचला.

मोठ्या शहरातली एक मसाला कंपनी. वर्ग ३० मध्ये 'ठसका' हे नाव त्यांनी कैक वर्षांपूर्वीच नोंदवलेलं. आपण या नावाने मिरची पूड, हळद पूड, मसाले, चटण्या व तत्सम पदार्थ विकता, असे आपणच आपल्या अर्जात नमूद केले आहे. पंधरा दिवसांत हे नाव वापरणे बंद करावे, पाटी उतरवावी, तसे लेखी कळवावे. अन्यथा न्यायालय.

माझंच वाक्य होतं. 'तत्सम'सकट.

बारा वर्षांहून जास्त काळ विठाबाईंची पाटी तिथे सुखानं लटकत होती. कंपनीला धर्माबाद नकाशावरही सापडलं नसतं. मी अर्ज भरला, तो सगळ्यांना दिसणाऱ्या सरकारी यादीत चढला आणि कंपनीला जाग आली.

तारीख बघितली. नोटीस येऊन नऊ दिवस झाले होते.


वर्ग ३८ (दूरध्वनी)

"मावशी, नोटीस वाचली मी."

"कायचं हाय माय ते? पोस्टमननं सही घेतली. म्हनला, कोर्टासारखं दिसून राहिलंय."

"ते नाव काढा म्हणतायत. पाटीवरचं."

पलीकडून खडखड ऐकू येत होती. मागे काहीतरी कुटलं जात होतं.

"काहून?"

"त्यांचंही नाव ठसकाच आहे. ते मिरची पूड विकतात."

"मग इकू दे की. मी कुठं आडवी आले?"

"तुम्हीपण विकता ना पण."

"कोन म्हनलं?"

मी फाइलमधून त्यांचा कागद काढला.

"कोन म्हनलं तुला, इठाबाई मिरची इकते म्हनून?"

"तुम्हीच लिहिलंय, धंदा मिरची."

"धंदा मिरचीचाच हाय. इकते कुठं मी? तू एकदा इकडं ये. फोनवर न्हाई समजायचं तुला."

मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "अर्ज भरण्याआधी तू त्यांच्याशी बोलली होतीस?"

"नाही."

"उद्या धर्माबादला जा. ती बाई दिवसभर काय करते ते बघून ये. उठल्यापासून. सगळं."


वर्ग ३९ (प्रवासी वाहतूक)

सकाळची गाडी. उमरीच्या पुढे डब्यातल्या एकाला शिंक आली. मग समोरच्या बाकावरच्या दोघांना. एक म्हातारा डोळे न उघडता म्हणाला, "आलं धर्माबाद."


वर्ग ६ आणि वर्ग २२

पत्र्याची पाटी: सहा. गोणपाटाचं पोतं: बावीस.

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडवर एक पाटी होती आणि पाटीवर पोतं टाकून ते सुतळीनं चारही बाजूंनी बांधलं होतं. खालून लाल रंगाची एक कड तेवढी दिसत होती.

"मीच बांधलं," दारात उभ्या असलेल्या थोराड बाई म्हणाल्या. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात लाल. याच विठाबाई, हे कुणी सांगायला नको होतं. "उतरवायला दयानंद पेंटरला बोलवावं लागतंय. त्यानंच टांगली. तो म्हनला, मी टांगतो, उतरवत नसतो. म्हनून पोतं."

"मावशी, चूक माझी आहे."

"ते मागून बघू. आधी नाकाला रुमाल बांध."


वर्ग २४ (रुमाल)

पुरला नाही.


वर्ग ७

मधोमध कांडपयंत्र. लोखंडी उखळं आणि त्यात आळीपाळीनं आपटणारी मुसळं. भिंतीलगत दहाबारा बाया उकिडव्या बसलेल्या, आणि त्यांच्यासमोर जमिनीवर डब्यांची रांग. पितळी, स्टीलचे, एक जुना डालड्याचा. बाया हव्या तिथे बसतात, नंबर डब्याचा असतो. एकीचं झालं की सगळे डबे एक हात पुढे सरकतात.

जिचा डबा पहिला, ती उठून यंत्रासमोर येते आणि बसते. मिरची तिचीच, घरून आणलेली. तिनं आणि तिच्या सुनांनी देठं काढलेली, पत्र्यावर वाळवलेली. विठाबाई ती उखळात ओततात आणि तिथून पुढे ती बाई पापणी लववत नाही. बोलते शेजारणीशी, डोळे उखळात. एकीचं लेकरू रडायला लागलं, तर तिनं मान न वळवता हात मागे करून ते ओढून घेतलं. दुसऱ्या कुणाची मिरची आपल्यात येऊ नये, आपली कुणात जाऊ नये, एवढ्यासाठी हा पहारा. वर्षाचं तिखट आहे. वर्षभर त्याच चवीचं कालवण खायचंय.

कुटून झालं की चाळायचं. वर राहिलेलं जाडंभरडं पुन्हा उखळात. मग विठाबाई कुंच्यानं उखळ झाडतात, मुसळं झाडतात, खालचा पत्रा झाडतात, चाळण तीनदा डब्यावर आपटतात. शेवटी स्वतःचे दोन्ही हात त्या बाईच्या डब्यावर धरून झटकतात आणि तळवे वर करून दाखवतात. लाल, पण रिकामे.

बाई तळव्यांकडे बघते. म्हणते, "पावलं." मगच झाकण लावते.

मी हे चार वेळा बघितलं. चारही वेळा तळवे.

"तुम्हाला शिंक येत नाही?" मी रुमालातून विचारलं.

"पयल्या साली आल्या सगळ्या. आता शिल्लक न्हाई."


वर्ग ४३

लागू नाही. चहा फुकट होता.


वर्ग ४५ (कायदा, यातच खाजगी तपासही येतो)

अकराच्या सुमाराला एक पस्तिशीचा माणूस आत आला. पांढरे बूट, पाठीला बॅग. शर्टाच्या खिशातला फोन कॅमेऱ्याचा डोळा बाहेर येईल असा उभा ठेवलेला. दारातच त्याला चार शिंका आल्या. मग डोळे पुसत तो म्हणाला, "मावशी, एक किलो ठसका मिरची पावडर द्या. पक्कं बिल लागेल."

बिल म्हटल्यावर मी चहाचा कप खाली ठेवला. मॅडमनी मला एकदा सांगितलं होतं: कोर्टात जायच्या आधी कंपन्या माणूस पाठवतात. तो साधं गिऱ्हाईक होऊन येतो, पुडा घेतो, बिल घेतो, फोटो काढतो. तो पुडा आणि ते बिल एकदा हातात आलं की पुढे बोलण्यासारखं काही राहत नाही. इथून या माणसानं चमचाभर जरी तिखट विकत नेलं, तर ती पाटी गेली. पोत्यासकट.

तोंड उघडावं तर मी कोण, हे कळणार. मी रुमाल आणखी वर ओढला.

"कुनाची देऊ?" विठाबाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"मिरची. कुनाची देऊ? ही गंगम्माची हाय, बासरकडून आली बिचारी. तो डालड्याचा डबा मनिषाबाईचा, नायगावच्या मास्तरीन. ती पोत्यातली—"

"कोणाचीही चालेल मावशी."

दहाबारा डोकी एकदम त्याच्याकडे वळली. एरवी मिरचीवरून न हलणारे ते डोळे.

"अय्यो," गंगम्मा म्हणाल्या. "कोनाचीबी चालती म्हन्तो. लगीन झालं का न्हाई तुझं?"

"झालंय."

"तिथं असं नको म्हनू."

शेड हसलं. विठाबाई वळून कामाला लागल्या. माणूस तिथेच उभा राहिला. मग गंगम्मांच्या शेजारी उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आजी, तुमच्यातली अर्धा किलो द्या मला. दुप्पट देतो. बिल या मावशी करतील." खिशातून नोटा काढल्या.

"वद्दु, वद्दु," म्हणत गंगम्मांनी त्या दोन बोटांनी परत ढकलल्या. "माझा म्हातारा तिखट मोजून ठेवतो. तुला दिली, तर श्रावनात त्याला काय वाढू, तुझ्या नोटा?"

मी श्वास सोडला आणि शिंकले. आणि नेमक्या तेव्हा मनिषाबाईंनी घोटाळा केला.

मनिषाबाईंचं कुटून झालं होतं, दहा किलो. डालड्याचा डबा भरून वर एक पिशवी. त्यांनी त्या माणसाकडे बघितलं. डोळे सुजलेले, नाक लाल, बूट आता पांढरे नव्हते. त्या म्हणाल्या, "लांबून आलाय ना तुम्ही? थांबा, मी देते थोडं. माझ्याकडं पुष्कळ आहे."

त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं. मूठ आत घातली. त्या माणसाचा हात खिशातल्या फोनकडे गेला. मी अर्धी उठले होते. उठून काय करणार होते, ते माहीत नव्हतं.

"किती झाले?" त्यानं विचारलं.

"कशाचे?"

"याचे. आणि बिलावर ठसका मिरची पावडर असं—"

मनिषाबाईंची मूठ पिशवीतच राहिली. "तिखटाचे पैसे घेऊ मी पाहुण्याकडून?"

"घ्या ना. मला बिल पाहिजे."

"अहो, मी शाळेत शिकवते. तिखट विकते का?"

"पैसे घेतल्याशिवाय मला नेता येणार नाही, ताई."

"आणि घेऊन मला देता येणार नाही." त्यांनी मूठ उघडली, हात पिशवीत झटकला, पिशवीला गाठ मारली.  पाहुण्यानं एवढा अपमान केल्याचं त्यांना बहुतेक आजही आठवत असेल.

मी पुन्हा खाली बसले. चहाचा दुसरा कप आला होता, त्याच्यावर तिखटाची पातळ साय.

माणूस आता सरळ विठाबाईंपुढे जाऊन उभा राहिला. "मावशी, तुमच्या घरी तर मिरची असेल की नाही? खायला लागतेच ना?"

"लागते की. लई लागते."

"त्यातली द्या. ती तर तुमची स्वतःची. इथलीच कुटलेली."

"इथली न्हाई. ती उदगीरला कुटून आनते मी."

माणसाला वाटलं, चेष्टा चाललीय. मलाही वाटलं. पण बाया हसल्या नाहीत. हे सगळ्यांना माहीत होतं.

"खरंच?" हे मी विचारलं. राहवलं नाही.

"अग माय, इथं कुटली तर मानसं काय म्हनतील? इठाबाईचा डबा आमच्या चिमटीचिमटीनं भरला. म्हनायला एक तोंड पुरतंय. म्हनून दर साली चैत्रात पाच किलो बांधते, एसटीत बसते, देगलूरवरून उदगीर. महादेवप्पाचं कांडप हाय तिथं. दिवसभर बसते त्याच्यासमोर डोळे वटारून. ए महादेवप्पा, ते कोपऱ्यात राहिलं. ए महादेवप्पा, हात दाखव. लई मजा येती. सालभर दुसऱ्याचं ऐकते, एक दिवस माझा."

"म्हणजे या शेडमध्ये," माणूस सावकाश म्हणाला, "तुमची स्वतःची अशी मिरची..."

विठाबाईंनी तळवे दाखवले.


वर्ग ४०

यंत्राच्या खडखडाटात, नाकातून पाणी गळत असताना, मला तो खण आठवला. आमच्या ऑफिसातल्या जाड पुस्तकात तो मधेच कुठेतरी येतो आणि आमच्याकडे क्वचितच कुणी त्यासाठी येतं. दुसऱ्याच्या मालावर काम करून तो त्याला परत देणं. कापड रंगवणारे, सोन्याचा मुलामा देणारे, दळण दळून देणारे. तिथे माल कधीच तुमचा नसतो. तुमचे फक्त हात.

मी दोन वर्षं लोकांना पहिला प्रश्न विचारत आले होते, तुम्ही काय विकता. हा प्रश्नच इथे चालत नव्हता.


पुन्हा वर्ग ४५

"मग मी काय करू?" माणसानं विचारलं. खरोखर विचारलं. त्याला रिकाम्या हातानं परत जाता येत नव्हतं.

"मोंढ्यात जा," विठाबाई म्हणाल्या. "मिरची आन. वाळलेली बघून घे, वाकवली की तुटली पायजे. डबा आन. देठं काढ. रांगेत ठेव."

तो गेला. मला वाटलं, गेला. तासाभरानं दोन किलो मिरची आणि नवा कोरा स्टीलचा डबा घेऊन आला. डब्यावरचं कागदी लेबल काढलेलं नव्हतं.

देठं काढायला त्याला येत नव्हती. गंगम्मांनी त्याच्या हातातून मिरच्या ओढून घेतल्या. "असं मुरगळू नको, ती काय बटन हाय? चिमटीत धर, मागं वाकव." दोन बाया मदतीला सरकल्या. मीही. त्याचं नाव यज्ञेश. बायको डॉक्टर, मुलगी पहिलीत, मुलीला तिखट आवडतं, बायकोला चालत नाही. देठं काढताना माणूस सगळं सांगतो. नोकरीचं मात्र त्यानं सांगितलं नाही आणि मीही माझं नाही.

अडीचला त्याचा डबा पहिला आला. तो यंत्रासमोर बसला. सुरुवातीला फोनकडे बघत होता. मग बायांनी त्याला दटावलं असावं, किंवा मिरचीनंच. पाच मिनिटांनी बघते तर त्याचे डोळे उखळात रुतलेले. खिशातला फोन कलंडून त्याचा कॅमेरा छताकडे बघत होता.

विठाबाईंनी चाळलं, झाडलं, आपटलं.

"मावशी," यज्ञेश म्हणाला, "त्या डाव्या मुसळाला थोडी चिकटलीय."

शेड असं हसलं की दोघींना ठसका लागून बाहेर न्यावं लागलं. विठाबाईंनी डावं मुसळ झाडलं. तळवे दाखवले. त्यानं नीट बघितले.

"पावलं," तो म्हणाला.

बिलही मिळालं त्याला. विठाबाईंच्या बिलबुकावर वर ठसका असा शिक्का आणि खाली त्यांच्या हातानं: कांडप मजुरी, दोन किलो. मिरची गिऱ्हाइकाची.

संध्याकाळच्या गाडीत तो माझ्यासमोरच बसला होता. डबा मांडीवर, दोन्ही हात झाकणावर.

"तुम्ही काय करता?" त्यानं विचारलं.

"वर्ग ठरवते. ट्रेडमार्कचे."

त्यानं डब्याचं झाकण आणखी घट्ट दाबून बसवलं. उमरी गेलं. मग म्हणाला, "मी वस्तू विकत घेतो. आजवर जमलं नाही असं झालं नव्हतं."


वर्ग १६, दुसऱ्यांदा

मॅडमनी माझं सगळं ऐकलं आणि दोन कागद करायला सांगितले. एक, वर्ग ३० चा अर्ज मागे. दोन, कंपनीला उत्तर: आमच्या अशिलाने कधीही कोणतीही वस्तू विकलेली नाही, अर्जातला तपशील आमच्या कार्यालयाच्या चुकीने लिहिला गेला. 'आमच्या कार्यालयाच्या' हे मी लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडून 'माझ्या' केलं, खाली स्वतःची सही ठोकली आणि विषय संपवला.

नोटिशीच्या चौदाव्या दिवशी कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं. सोबत त्यांच्याच माणसाच्या अहवालाचा उतारा:

"सदर ठिकाणी वस्तू खरेदी करण्याचा तीन वेळा प्रयत्न केला. पहिल्या वेळी माल उपस्थित महिलांच्या मालकीचा असल्याचे समजले व दुप्पट दर देऊ करूनही तो मिळाला नाही. दुसऱ्या वेळी माल मोफत देऊ केला, परंतु मोबदला घेण्यास ठाम नकार मिळाला. तिसऱ्या वेळी मालकीणबाई स्वतःचा माल उदगीर येथे कुटून आणतात असे समजले. विक्रीचा कोणताही पुरावा मिळू शकला नाही. स्वखर्चाने मिरची नेऊन कुटून घेतली. बिल सोबत. मालाचा नमुना जोडलेला नाही, तो घरी वापरात आहे."

कंपनी नोटीस मागे घ्यायला तयार होती. एकच अट: या नावानं मिरची पूड वा मसाले विकणार नाही, असं विठाबाईंनी लिहून द्यावं.

मी फोनवर वाचून दाखवलं.

"देते की. जे कधी केलंच न्हाई ते करनार न्हाई म्हनून लिहायला काय लागतंय? पन त्यांनीबी द्यावं लिहून."

"काय?"

"दुसऱ्याची मिरची कुटून देनार न्हाई म्हनून. ठसका नावानं. उद्या त्यांनी धर्माबादला येऊन कांडप टाकलं तर?"

"मावशी, ती मोठी कंपनी आहे. ते कशाला कांडप टाकतील?"

"मग लिहून द्यायला काय लागतंय त्यांना?"

मला हे कंपनीला कळवायची लाज वाटत होती. मॅडमना अजिबात वाटली नाही; त्यांनी उलट डोळे मिटून हसून घेतलं आणि पत्र स्वतः टाइप केलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, कंपनीच्या लेटरहेडवर, दोन संचालकांच्या सह्यांचं. ग्राहकांनी आणलेली मिरची त्यांच्यासमोर कुटून परत देण्याचा व्यवसाय 'ठसका' या नावाने करण्याचा आमचा विचार नाही व पुढेही करणार नाही.

विठाबाईंनी ते फ्रेम करून शेडमध्ये लावलंय. काच आठवड्याभरात लाल होते. गिऱ्हाइकं पुसून वाचतात.


वर्ग २२ (पोतं)

सोडलं. दयानंद पेंटर म्हणाला, टांगतो, उतरवत नसतो, पण पोतं काढायला हरकत नाही. तोच चढला शिडीवर. व्हिडिओ कॉलवर मला आधी त्याचे पाय दिसले, मग लाल रंगातलं नाव, मग खाली जमलेल्या बाया. सगळ्यांची तोंडं वर. आणि पोतं झटकल्याबरोबर सगळ्या एकदम शिंकल्या.


वर्ग ४०, नवा अर्ज

तपशिलाचा रकाना मी या वेळी विठाबाईंना फोनवर वाचून दाखवला.

"ग्राहकांनी आणलेली मिरची, हळद व धान्य त्यांच्यासमोर कुटून त्यांना परत देणे."

"सगळं परत."

"'परत'मध्ये सगळं आलंच की मावशी."

"न्हाई येत. चिमूट ठेवूनबी परत दिलं म्हनता येतंय."

मी 'सगळेच्या सगळे' घातलं. 'तत्सम' कुठेच घातलं नाही. मॅडमनी वाचलं, म्हणाल्या, सरकारी भाषेत बसत नाही, पण राहू दे. अर्ज गेला.


वर्ग नाही

चैत्रात विठाबाईंनी मला उदगीरला बरोबर नेलं. मी आईनं रेणापूरहून पाठवलेली दोन किलो मिरची घेतली होती, देठं स्वतः काढलेली. डबे रांगेत लागले. विठाबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या, चप्पल काढून. अशा बसलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

"तर मग," महादेवप्पांनी मुसळं चालू करता करता मला विचारलं, "हिचं नाव सरकारात गेलं म्हणे. आमचं जायचं असलं तर कुठल्या खणात?"

"चाळीस."

"हिच्याच खणात?" त्यांनी विठाबाईंकडे बघितलं. "दोघं मावतील का?"

"खण मोठा आहे, अप्पा. फक्त नाव वेगळं लागेल, आणि आधी मला—"

"ऋतुजा," विठाबाई म्हणाल्या, "त्याच्याकडं काय बघून राहिलीस? मिरचीकडं बघ."

मी मिरचीकडे बघितलं.